गाडीवर एअरब्रशकाम करताना रंग कोणता घ्यावा? मुंबईच्या हवेत काम करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बुलेटची टाकी, स्कूटरचे पॅनल, कारचे बोनेट, कधी हेल्मेट. एअरब्रशने, म्हणजे पेनासारख्या छोट्या स्प्रेने काढायचे चित्र कशावरही असो, पहिला प्रश्न रंगाचाच येतो. खालची उत्तरे मुंबई-ठाण्याच्या दमट हवेचा विचार करून दिली आहेत. पुणे-नाशिककडे सुकण्याच्या वेळा बऱ्याच कमी होतात, हे तिकडच्या वाचकांनी लक्षात ठेवावे.

एअरब्रशसाठी वेगळा रंग लागतो, की गॅरेजमधलाच पातळ करून चालतो?

बऱ्याचदा गॅरेजमधलाच चालतो. गॅरेजच्या स्प्रे गनचे नोझल १.३ किंवा १.४ मिमीचे असते, एअरब्रशचे ०.२ ते ०.५ मिमी. त्यामुळे रंगाची पूड बारीक दळलेली हवी आणि रंग बराच पातळ केल्यावरही त्याची पकड टिकली पाहिजे. एअरब्रशसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या रंगांत या दोन गोष्टी आधीच सांभाळलेल्या असतात, एवढाच फरक.

चित्राचा थर म्हणजे सँडविचमधली चटणी. खाली बेसकोट (रंगाचा मुख्य थर), वर क्लिअर (चमक देणारा पारदर्शक थर) आणि मध्ये केसाहून पातळ थर. चटणी कितीही झणझणीत असली तरी दोन्ही पावांना धरून राहिली नाही तर खाताना सगळे सुटते. म्हणून दुकानात ‘चांगला रंग कोणता’ असे न विचारता ‘माझ्या टाकीवर खाली अमुक रंग आहे, वर अमुक क्लिअर मारणार आहे, मध्ये काय चालेल’ असे विचारावे. दुकानदाराला उत्तर देता आले नाही तर दुकान बदलावे.

बाजारात नेमके कोणते प्रकार मिळतात?

गाडीच्या कामात पाच प्रकारांशी गाठ पडते.

सॉल्व्हंट बेसकोट हा हल्लीच्या डेंटिंग-पेंटिंगमधला रोजचा रंग. यात साधारणपणे हार्डनर (रंग पक्का करणारे रसायन) नसतो, थिनर उडाला की सुकतो, मॅट दिसतो आणि चमक वरच्या क्लिअरमुळे येते. मिक्सिंगच्या दुकानात गाडीचा कलर कोड सांगितला की १००-२०० मिलीसुद्धा बनवून मिळतो.

वॉटर-बेस अ‍ॅक्रिलिकमध्ये क्रिएटेक्ससारख्या कंपन्यांचे तयार, बाटलीतले रंग येतात. वास कमी, ब्रश धुणे सोपे. पाणी पूर्ण उडून आतले कण एकमेकांत मिसळले की थर पक्का होतो.

एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर, हा जुना खिलाडी. पटकन सुकतो, पण उन्हात ठिसूळ होऊन तडकतो आणि पुन्हा थिनर लागला की विरघळतो. सिंथेटिक एनॅमल हा ट्रक, गेट आणि ग्रिलचा रंग. पाचवा टू-के पीयू, म्हणजे दोन भागांचा पॉलियुरेथेन. यात हार्डनर मिसळावा लागतो आणि मिसळल्यावर काही तासांत डब्यातच घट्ट होतो. एअरब्रशमध्ये तो अर्धा तास विसरलात तर नोझल फेकून द्यावे लागते.

कँडी (पारदर्शक रंग), पर्ल (मोत्यासारखी चमक) आणि फ्लेक (चमचमणारे मोठे कण) हे वेगळे रंगप्रकार नसून वरच्यांपैकी एखाद्यात घालायचे परिणाम आहेत. त्यांच्यावर पुढे स्वतंत्र उत्तर आहे.

मग घ्यायचा कोणता? थोडक्यात सांगा.

हवेशीर जागा, चांगला मास्क आणि बऱ्यापैकी कॉम्प्रेसर असेल तर सॉल्व्हंट बेसकोट. शिकत असाल किंवा पोर्ट्रेटसारखे सावकाश, तपशिलाचे काम असेल तर वॉटर-बेस. दोन्हींवर शेवटी टू-के क्लिअर, याला पर्याय नाही. एनसी आणि एनॅमल चित्रासाठी घेऊ नयेत. मुंबईत जून ते सप्टेंबर काम करावेच लागणार असेल तर आमचे माप सॉल्व्हंटच्या बाजूने झुकते. कारण पाणी उडण्यासाठी हवेत जागा असावी लागते, आणि जुलैत ती नसते.

ट्रकवरची एनॅमलची चित्रे वर्षानुवर्षे टिकतात. मग एनॅमलला नाही का म्हणता?

ती ब्रशने, जाड थरात रंगवलेली असतात आणि त्यांच्यावर क्लिअर नसतो. एनॅमल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू पक्का होतो. वरून कोरडा लागला तरी आतून कितीतरी दिवस मऊ असतो. त्यावर टू-के क्लिअरचा तेज थिनर पडला की थर फुगतो आणि उकळलेल्या दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या पडतात. शिवाय चिकट राहण्याचा काळ मोठा, त्यात मुंबईची धूळ.

मूर्तीच्या कारखान्यात एअरब्रश चालवला आहे. तोच रंग टाकीवर चालेल का?

हात चालेल, रंग नाही. लालबाग-परळच्या कारखान्यांत दागिन्यांची उठावदार शेडिंग, पितांबराच्या निऱ्या, डोळ्यांची आखणी करणाऱ्याला टाकीवरचे ग्रेडेशन नव्याने शिकावे लागत नाही. पण शाडू आणि प्लास्टर रंग शोषून घेतात. टाकीचा पत्रा किंवा जुना क्लिअर काहीच शोषत नाही. तिथे रंगाला घासलेल्या पृष्ठभागाचा आणि रसायनाचाच आधार. मूर्तीचा रंग काही दिवस टिकला तरी चालते. टाकीला मात्र ऊन, पेट्रोल आणि रोजचे जीन्सचे घासणे सोसायचे असते.

सोनेरी रंगाबद्दल खास सावधान. मूर्तीकामात वापरतात ती ब्राँझ पावडर म्हणजे तांबे आणि जस्त. दमट, खाऱ्या हवेत ती काळवंडते, हिरवट पडते. गाडीवर मुकुट, जिरेटोप किंवा तलवारीची मूठ सोनेरी करायची असेल तर अभ्रकावर आधारित सोनेरी पर्ल घ्यावा, किंवा पिवळा, ऑकर, तपकिरी आणि पांढरा यांनी सोने ‘रंगवावे’. दुसरा मार्ग जास्त मेहनतीचा, पण दुरून जास्त खरा दिसतो.

पावसाळ्यात रंगावर पांढुरकी झाक का येते?

याला गॅरेजमध्ये ‘ब्लशिंग’ म्हणतात आणि कारण रंगात नसून हवेत आहे. ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू सुमारे २७ अंश येतो. म्हणजे पत्रा फक्त तीन अंशांनी गार झाला की त्यावर पाणी धरते. थिनर उडताना पत्र्यातली उष्णता घेऊन जातो, जशी हातावर स्पिरिट लावल्यावर गार वाटते. तेज, म्हणजे झटकन उडणारा थिनर असेल तर हे तीन अंश सहज जातात. ओल्या रंगावर सूक्ष्म पाणी बसते, राळ (रंगाचे कण धरून ठेवणारा भाग) फुटते आणि काळा रंग राखेसारखा दिसू लागतो. एनसीमध्ये हे सर्वांत जास्त, सॉल्व्हंट बेसकोटमध्ये त्याहून कमी.

उपाय असे. तेज थिनरऐवजी सावकाश उडणारा स्लो थिनर घ्यावा किंवा थिनरच्या ५ ते १० टक्के रिटार्डर (सुकणे मंदावणारा द्रव) मिसळावा. एकच ओला थर देण्यापेक्षा तीन हलके द्यावेत. सकाळी सातला काम सुरू न करता अकरा ते चार ही वेळ धरावी. झाक आलीच तर घासायला धावू नये. कोरड्या वेळेत नुसत्या स्लो थिनरचा, रिटार्डरसह, धुक्यासारखा हात फिरवला तर थर किंचित मोकळा होतो आणि अडकलेले पाणी निघून जाते. हा इलाज एकसारख्या रंगाच्या भागावरच करावा. बारीक रेषांवर केला तर रेषाही मोकळ्या होतात.

आणखी एक चूक दर पावसाळ्यात दिसते. टाकी किंवा हेल्मेट रात्रभर एसीच्या खोलीत ‘सुकायला’ ठेवतात आणि सकाळी बाहेर आणून लगेच रंग मारतात. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर जे होते तेच त्यावर झालेले असते, फक्त डोळ्यांना दिसत नाही. बाहेर आणल्यावर निदान तासभर थांबावे आणि नंतर कोरड्या कापडाने पुसावे.

क्लिअरला दमट हवेचा काय त्रास होतो?

वेगळाच. टू-के क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याने क्लिअरमधल्या राळेशी जुळायचे असते, पण पाणी मिळाले की ते पाण्याशीही जुळते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. तो वायू थरातून बाहेर पडताना सुईच्या टोकाएवढी भोके पडतात. शिवाय हार्डनरचा काही भाग असा वाया गेल्याने क्लिअर मऊ राहतो आणि आठवड्याभरात चमक उतरते. म्हणून पावसाळ्यात ‘लवकर सुकावा’ म्हणून हार्डनर वाढवण्याची जी सवय आहे ती सोडावी. डब्यावर २:१ लिहिले असेल तर २:१, ४:१ असेल तर ४:१. मापाचा कप घ्यावा, अंदाजाने ओतू नये.

हवेतले पाणी कॉम्प्रेसरमधूनही येते. टाकीचा खालचा नळ पावसाळ्यात दिवसातून दोनदा उघडावा. वॉटर ट्रॅप कॉम्प्रेसरला चिकटून लावला तर उपयोग निम्मा होतो, कारण तिथे हवा अजून गरम असते आणि पाणी वाफेच्या रूपातच पुढे निघून जाते. मध्ये पाच-सहा मीटर पाइप सोडून मग ट्रॅप लावावा.

थिनर किती घालायचा?

सॉल्व्हंट बेसकोट आधी थिनर न घातलेलाच मागून घ्यावा. मोकळ्या पार्श्वभूमीसाठी १ भाग रंगाला १ ते १.५ भाग थिनर, केसासारख्या रेषांसाठी १ ला २ पर्यंत. कपाच्या आतल्या भिंतीवर थेंब लावून पाहावा. साय काढलेल्या दुधासारखा ओघळला आणि मागे एकसारखा पातळ पापुद्रा राहिला तर ठीक. गोळा होऊन थांबला तर जाड, मागे काहीच न राहता पाण्यासारखा धावला तर फार पातळ. मिसळल्यावर १२५ मायक्रॉनच्या कागदी गाळणीतून गाळल्याशिवाय कपात घालू नये.

थिनर त्याच कंपनीचा, बेसकोटसाठीचा घ्यावा. सुटा, स्वस्त एनसी थिनर ब्रश धुण्यापुरता ठीक. त्यात काय आणि किती आहे हे दर डब्याला बदलते, आणि आधीचा थर उचलला गेल्याची निम्मी उदाहरणे तिथूनच सुरू होतात.

वॉटर-बेसला त्याच कंपनीचे रिड्यूसर (पातळ करायचा द्रव), साधारण १० ते ३० टक्के. नळाचे पाणी जास्त घातले तर राळ इतकी विरळ होते की रंग पुसला तरी हातावर येतो. फार पातळ रंग जवळून आणि जास्त दाबाने मारला की रेषेच्या दोन्ही बाजूंना कोळ्याचे पाय फुटतात. अशा वेळी आधी दाब कमी करावा, मग अंतर वाढवावे, आणि तरीही नाहीच जमले तर रंग घट्ट करावा.

नोझल आणि दाब किती ठेवायचा?

एकच एअरब्रश घ्यायचा असेल तर ०.३ किंवा ०.३५ मिमी, वर कप असलेला, डबल अ‍ॅक्शन (एकाच बटणाने हवा आणि रंग वेगवेगळे सोडणारा). सॉल्व्हंट रंगाच्या बारीक कामाला १२ ते २० पीएसआय, वॉटर-बेसला २५ ते ३५. पांढऱ्या रंगातले टायटॅनियम डायऑक्साइड जड असते, तळाला बसते आणि नोझल तुंबवते. पांढऱ्यासाठी ०.३५ च्या खाली जाऊ नये आणि कप दर दहा मिनिटांनी ढवळावा.

स्वस्त एअरब्रशमध्ये रबराचे ओ-रिंग असतात. थिनरने ते फुगतात, सुई अडकू लागते आणि कारागीर रंगाला दोष देतो. सॉल्व्हंट वापरायचा असेल तर टेफ्लॉनचे सील आहेत का, हे विकत घेतानाच विचारावे.

पर्ल, फ्लेक आणि कँडी एअरब्रशने मारता येतात का?

पर्लचे कण साधारण १० ते ६० मायक्रॉनचे. ०.५ मिमी नोझलमधून जातात, ०.२ मधून तुंबतात. १०० मिली तयार इंटरकोट क्लिअरमध्ये (दोन थरांच्या मध्ये मारायचा पारदर्शक थर) १ ते २ ग्रॅम पूड पुरे. जास्त घातली तर दुधाळ दिसते. फ्लेकचे कण २०० मायक्रॉन आणि त्याहून मोठेही असतात. ०.३ मिमी म्हणजे ३०० मायक्रॉन, त्यात मधोमध सुई. उरलेल्या फटीतून तो कण जाणारच नाही. फ्लेक गननेच मारावा.

कँडी मात्र नीट समजून घ्यायला हवी. ती पारदर्शक असते, खालची चांदी किंवा सोनेरी तिच्यातून दिसते आणि प्रत्येक थराने ती गडद होत जाते. म्हणून पूर्ण टाकी कँडी करायची तर थर मोजावेच लागतात. आधी पट्टीवर एक ते सहा थर, प्रत्येक वेळी एक भाग झाकत, मारून पाहावे आणि कोणत्या थराचा रंग हवा तो लिहून ठेवावा. एअरब्रशने मोठा भाग कँडी केला तर हात जिथे एकमेकांवर जातात तिथे गडद पट्टे उठतात. मोठा भाग गनने, ज्वाळांच्या कडा आणि सावल्या एअरब्रशने, अशी वाटणी करावी.

डाय (विरघळणारा रंग) वापरलेल्या कँडीचे दोन दोष आहेत. वरच्या थरात ती झिरपते, म्हणजे लाल कँडीवर पांढरी रेषा काढली तर ती काही दिवसांत गुलाबी होऊ शकते. मध्ये क्लिअरचा थर देऊन रोखावी लागते. आणि उन्हात उडते. दिवसभर रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या बाइकसाठी रंगद्रव्यावर आधारित कँडी घ्यावी. फ्लोरोसंट रंग तर त्याहूनही लवकर विटतात. गिऱ्हाईक हट्टाला पेटले तर आधी स्पष्ट सांगून ठेवावे.

काळ्या टाकीवर पांढऱ्याने शेडिंग केले की निळसर का दिसते?

पांढऱ्याचे बारीक कण काळ्यावर विरळ पडले की निळा प्रकाश जास्त विखुरतात. धूर काळ्या भिंतीसमोर निळसर दिसतो, तसेच. कवटी किंवा धूर रंगवताना हे चालून जाते. शिवाजी महाराजांचे पोर्ट्रेट करताना मात्र चेहरा आजारी दिसतो.

यावर दोन मार्ग. पहिला, पांढऱ्यात सुरुवातीलाच थोडा पिवळा ऑकर घालणे. कपात २० थेंब पांढरा असेल तर एक-दोन थेंब पुरतात. दुसरा, पांढऱ्याने पूर्ण आकार उभा करून त्यावर पारदर्शक तपकिरीचा हात देणे. आम्ही दुसऱ्याच्या बाजूचे. तपकिरी गालाच्या सावलीत, डोळ्यांच्या खोबणीत आणि दाढीच्या कडेला आधी बसते, निळसरपणा मरतो आणि मग कपाळाच्या व नाकाच्या टोकावर पुन्हा किंचित पांढरा दिला की चेहरा उठतो. सावलीसाठी निव्वळ काळा वापरू नये. त्वचेवर तो काजळी लागल्यासारखा दिसतो. पारदर्शक तपकिरीत निळ्याचा एखादा थेंब घालून गडद करावा.

खाली कोणता रंग आहे हे कसे ओळखायचे?

टाकीच्या खालच्या, न दिसणाऱ्या भागावर एनसी थिनरमध्ये भिजवलेला कापूस अर्धा मिनिट घासावा. कापसाला रंग लागला आणि जागा चिकट झाली तर एनसी किंवा हार्डनरशिवायचा रंग. फुगून सुरकुत्या आल्या तर एनॅमल. काहीच झाले नाही तर टू-के किंवा कंपनीचा मूळ रंग, आणि तो चित्रासाठी सर्वांत चांगला पाया. पहिल्या दोन्ही प्रकारांत रंग काढून, पत्र्यापासून प्रायमर-सर्फेसर (रंगाखालचा, सपाट करणारा थर) करून सुरुवात करावी. वर नुसता थर चढवून झाकायला गेले की तो सहा महिन्यांत आपले खरे रूप दाखवतो.

पृष्ठभाग किती घासायचा?

कंपनीच्या क्लिअरवर ८०० चा वॉटर पेपर, मग १०००, पाण्यासह. चमकणारा एकही ठिपका राहू नये. कोपऱ्यांत आणि टाकीच्या झाकणाभोवती करडा स्कफ पॅड (मऊ, बारीक घासणी). त्याआधी आणि नंतर ग्रीस रिमूव्हरने पुसावे. दोन कापडे घ्यावीत, एक ओले, दुसरे लगेच मागून कोरडे. एकाच कापडाने पुसले तर तेल फक्त जागा बदलते.

रंग मारल्यावर माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडले तर ते सिलिकॉन. डॅशबोर्ड आणि टायर चमकवण्याच्या स्प्रेतून ते येते, आणि शेजारच्या गाळ्यात कोणी तो मारला तरी पुरते. त्यावर आणखी रंग मारून खड्डा भरत नाही. सुकू द्यावे, घासावे, पुसावे, पुन्हा मारावे.

प्लास्टिक पॅनल आणि हेल्मेटवर?

स्कूटरचे आधीच रंगवलेले पॅनल टाकीसारखेच धरावे. उघड्या, काळ्या प्लास्टिकच्या बंपरवर आधी अ‍ॅढिजन प्रमोटर (प्लास्टिकवर रंग धरून ठेवणारा थर) लागतो, नाहीतर नखाने रंग निघतो. हेल्मेटच्या कवचावर तेज थिनर गेला तर प्लास्टिकला न दिसणाऱ्या भेगा पडू शकतात. म्हणून कंपनीचा क्लिअर फोडून आत जाऊ नये, फक्त वरवर स्कफ करून वॉटर-बेस वापरावा, आणि आतल्या थर्माकोलपर्यंत थिनर किंवा वाफ जाऊ नये यासाठी तोंड टेपने बंद करावे. व्हायझरला हात लावू नये. ज्या हेल्मेटच्या पुस्तिकेत रंग लावू नका असे लिहिले आहे, ते काम घेऊच नये.

सायलेन्सरवर एअरब्रशचे चित्र? नाही.

दोन-तीन दिवस चालणारे काम असेल तर थर सुटतात का?

सुटू शकतात. बहुतेक बेसकोटवर साधारण २४ तासांच्या आत क्लिअर जावा लागतो. नेमका आकडा त्या कंपनीच्या माहितीपत्रकात पाहावा. वेळ उलटली की क्लिअर नुसता वर बसतो, आत रुजत नाही. मोठ्या कामात दिवसअखेर पातळ क्लिअर देऊन चित्र बंद करावे, दुसऱ्या दिवशी सुकल्यावर ८००-१००० ने हलके घासून पुढे जावे. चूक झाली तर कालच्या थरापर्यंतच पुसावे लागते, हा वरचा फायदा.

टेपमुळेही थर उचलला जातो. साधी पारदर्शक चिकटपट्टी वापरू नये. फाइन लाइन टेप (रंगकामाचा अरुंद मास्किंग टेप) घ्यावा आणि काढताना तो स्वतःवर दुमडत, सावकाश ओढावा.

क्लिअर मारताना चित्र पसरते. का?

पहिलाच थर ओला मारल्यामुळे. सॉल्व्हंट बेसकोट पुन्हा थिनर मिळाला की मऊ होतो. पहिला थर धुक्यासारखा, हात लांब ठेवून. दहा मिनिटांनी दुसरा मध्यम. मग पूर्ण ओला. वॉटर-बेसचे चित्र असेल तर क्लिअरआधी पाणी खरोखर गेले पाहिजे. पावसाळ्यात २४ तास आणि शक्य असल्यास ५०-६० अंशांवर अर्धा तास उष्णता. घाई केली तर महिन्याभराने उन्हात फोड येतात.

एका टाकीला क्लिअर किती लागतो?

टाकीचा पृष्ठभाग अर्धा चौरस मीटर धरू. ५० मायक्रॉन कोरडा थर हवा म्हणजे २५ मिली घन भाग. क्लिअरमध्ये घन भाग ४५ टक्के धरला तर सुमारे ५५ मिली ओला रंग. गनमधला निम्मा हवेत जातो, म्हणजे ११०. कपाच्या तळाशी राहणारा आणि कडा घासल्या जातील म्हणून लागणारा जादा धरून १५० ते २०० मिली तयार मिश्रण. चित्राच्या कडा हाताला लागत असतील तर हा सुकल्यावर घासून दुसरा फेरा, म्हणजे तेवढेच पुन्हा.

पेट्रोल सांडले तर चित्र जाईल का?

टू-के क्लिअर पूर्ण पक्का झाला असेल तर लगेच पुसल्यास काही होत नाही. पूर्ण पक्का व्हायला नेहमीच्या हवेत आठवडा धरावा. तोवर टाकी भरू नये. हार्डनर नसलेल्या साध्या क्लिअरच्या स्प्रे कॅनवर भरवसा ठेवू नये, पेट्रोलने तो मऊ पडतो. नेहमी बिघाड सुरू होतो तो झाकणाच्या कडेपासून, जिथे क्लिअर पातळ असतो. झाकण काढून, तोंड आतून बंद करून, कडेच्या खालपर्यंत क्लिअर जायला हवा. काम सुरू करण्याआधी टाकी रिकामी आणि वाफरहित करावी. पेट्रोलची वाफ असलेल्या टाकीवर हीट लॅम्प लावणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण.

वॉटर-बेस असेल तर मास्क नको ना? फ्लॅटमध्ये करता येईल?

वॉटर-बेसचे धुकेही फुप्फुसात जाते, त्यामुळे कणांचा फिल्टर असलेला मास्क लागतोच. सॉल्व्हंटला सेंद्रिय वाफेची काट्रिज (मास्कला लागणारी, वाफ शोषणारी डबी) हवी. टू-के क्लिअरची गोष्ट गंभीर. आयसोसायनेटला जाणवण्याजोगा वास नसतो, त्यामुळे काट्रिज संपल्याचे कळत नाही, आणि एकदा शरीर त्याला संवेदनशील झाले की पुढे थोड्याशानेही दमा उसळतो. त्यासाठी बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे लागतात. कापडी रुमाल किंवा साधा सर्जिकल मास्क काही कामाचा नाही.

म्हणून फ्लॅटच्या गॅलरीत फार तर वॉटर-बेसचे चित्र काढावे आणि क्लिअर गॅरेजच्या बूथमध्ये करून घ्यावा. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि फ्रिजच्या स्विचची ठिणगी किंवा गॅस गीझरची ज्योत तिला पुरेशी असते. शेजाऱ्यांच्या तक्रारीचा मुद्दा त्यानंतरचा.

सराव कशावर करायचा? सामान कुठे पाहायचे?

कुर्ल्याच्या सीएसटी रोडच्या बाजूला जुन्या पार्टमधून एखादे चेपलेले मडगार्ड किंवा बोनेट घ्यावे. कागदावरचा सराव रेषेपुरता ठीक. वळणावर रंग कसा ओघळतो हे पत्र्यावरच कळते. पाइप, कपलर, वॉटर ट्रॅप यांसाठी नागदेवी स्ट्रीट. त्याच पत्र्यावर पूर्ण रंगपद्धत एकदा करून, आठवड्याने ब्लेडने दोन-दोन मिलिमीटरवर उभ्या-आडव्या रेघा मारून, टेप चिकटवून झटक्यात ओढावा. चौकोन निघाले तर गिऱ्हाइकाच्या टाकीला हात लावू नये.

आरटीओची परवानगी लागते का?

आरसीवर नोंदलेला मूळ रंग बदलत असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आधी परवानगी आणि नंतर नोंद. ऑलिव्ह ग्रीन तर करूच नये, केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२१ नुसार तो संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे. ‘आर्मी लुक’ मागणाऱ्याला हे कामाआधी सांगावे. विमा कंपनीलाही कळवावे, नाहीतर अपघातानंतर चित्राच्या दुरुस्तीचा खर्च मिळणे कठीण.

दसऱ्याला गाडीची पूजा करायची आहे. काम कधी द्यावे?

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात मुळीच नाही. दसरा कधी सप्टेंबरअखेर येतो, कधी ऑक्टोबरात. तोवर हवा दमटच असते. चित्र, क्लिअर आणि पक्का होण्याचा आठवडा मिळून तीन आठवडे धरावेत, मध्ये पावसाचे चार दिवस वेगळे. घाई नसेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

उरलेला रंग आणि हार्डनर किती दिवस टिकतो?

बेसकोट घट्ट झाकणात वर्षभर सहज, फक्त वापरण्याआधी तळापासून ढवळावा. वॉटर-बेस उन्हात आणि गाडीच्या डिकीत ठेवू नये, गुठळ्या होतात. हार्डनरचा डबा एकदा उघडला की मुंबईच्या हवेतला ओलावा आत जातो. म्हणून लहान पॅक घ्यावा, तोंडाची कडा पुसून मगच झाकण लावावे आणि डब्यावर उघडल्याची तारीख लिहावी. आतला द्रव धुरकट दिसला किंवा झाकणाभोवती पांढरे खडे धरले असतील तर तो हार्डनर टाकीवर वापरू नये.